आत्याचा मजला

जुन्या व्हिडिओ गेमबद्दल तासभर बोलणारी दोन माणसं आणि ते मन लावून ऐकणारी काही हजार माणसं या जगात आहेत, यावर भिंगरीच्या नवऱ्याचा अजूनही विश्वास बसलेला नाही. तो बिचारा रविवारी सकाळी कानावर उशी दाबून झोपतो आणि पलीकडच्या अडगळीच्या खोलीत त्याची बायको आणि त्याचा धाकटा भाऊ हिवाळ्यातल्या कोटांच्या गर्दीत माइक लावून बसतात. कोट टांगले की आवाज घुमत नाही, हा भावजींचा शोध. भावजी लिफ्ट दुरुस्त करतात, त्यामुळे अरुंद जागेत अंग चोरून बसण्याचा त्यांना सराव आहे. भिंगरी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत काचा घासते. त्यांच्या पॉडकास्टचं नाव ‘शेवटचा जीव’. भावजी तिला वहिनी म्हणतात म्हणून ऐकणारेही सगळे वहिनीच म्हणतात. त्यात तिच्या वडिलांच्या वयाचे लोकही आले.

भिंगरी हे घरातलं नाव. लहानपणी ती एका जागी टिकायची नाही, म्हणून आत्यानं ठेवलेलं. ते चिकटलं ते कायमचंच.

खरं सांगायचं तर लोक ‘शेवटचा जीव’कडे गेमसाठी कमी आणि टपालासाठी जास्त येत. शेवटची वीस मिनिटं श्रोत्यांच्या संदेशांची, आणि तिथे जी जुंपायची ती ऐकण्यासारखी असायची. एका गेममधल्या हिरोचे बूट तपकिरी की लाल, यावर एकदा तीन भाग भांडण चाललं. शेवटी लाल म्हणणाऱ्या गृहस्थांनी कबूल केलं की त्यांच्या घरच्या टीव्हीवर त्या काळी बातम्या देणारी बाईसुद्धा लालच दिसायची. या टपालातले सगळ्यांत मानाचे पत्रलेखक म्हणजे मास्तर. भूमितीचे निवृत्त शिक्षक. त्यांचा प्रत्येक संदेश ‘किरकोळ दुरुस्ती’ या शब्दांनी सुरू व्हायचा आणि त्या किरकोळ दुरुस्तीखाली बोलणाऱ्याचं सगळं बोलणंच भुईसपाट व्हायचं. दुसरी बेकरीवाली. ती पहाटे कणीक मळताना ऐकायची आणि पिठाच्या बोटांनी लिहायची, त्यामुळे तिच्या संदेशांत निम्मे काने-मात्रे गायब असायचे.

तर एका रविवारी गेम होता ‘धुक्याचा मनोरा’. एक ठेंगू शिपाई मनोऱ्याचे मजले चढत वर जातो, एवढीच गोष्ट. गेम परदेशी, त्यातली अक्षरं परदेशी, आणि भिंगरी तो खेळली होती नुकती शाळेत जायला लागली त्या वयात, आत्याच्या घरी. आई-बाबा दोघंही कामावर, म्हणून शाळा सुटली की आत्या. आत्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये सकाळच्या पाळीला होती, दुपारी घरी असायची. तिचा आवाज असा की ‘थांबा, जोडून देते’ म्हटल्यावर पलीकडचा माणूस खुर्चीतून उठून उभा राहत असावा. पडद्यावर अक्षरं उमटली की आत्या ती त्याच आवाजात वाचून दाखवायची आणि भिंगरी शिपायाला पळवायची.

हे सगळं तिनं रंगात येऊन सांगितलं. मग म्हणाली की चौथ्या मजल्यावर आत्या येते. जांभळ्या केसांची, हातात काठी. ती रागावलेली असते, तेव्हा आपण गप्प खाली बसायचं. राग उतरला की ती शिडी सोडून निघून जाते. हे तिनं इतक्या सहज सांगितलं, की जणू कोपऱ्यावरच्या दुकानाचा पत्ता सांगावा. भावजींनी हा गेम कधी खेळला नव्हता आणि त्या दिवशी कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकल्याचे फोन त्यांना येत होते. त्यांनी नुसतं ‘अच्छा’ म्हटलं आणि विषय पुढे गेला.

विषय पुढे गेला तो फक्त त्या खोलीत. बाहेर हलकल्लोळ माजला. मास्तरांनी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती. चौथ्या मजल्यावर आत्या नसून चेटकीण आहे. तिला बाण मारून ठार करावं लागतं. अन्य मार्ग नाही.’ बेकरीवालीनं लिहिलं, ‘वहिनी मी खली बसून पहिलं. मेले. परत बसले. परत मेले. पाव करपला.’ पाठोपाठ आणखी कितीतरी जण आपापले शिपाई खाली बसवून मारून आले आणि त्यांनी तशी रीतसर खबर दिली. बघता बघता श्रोत्यांत दोन तट पडले, चेटकीणवाले आणि आत्यावाले. आत्यावाल्यांनी गेम खेळून बघितलेलाही नव्हता, पण वहिनींचा शब्द खाली पडू द्यायचा नाही एवढं त्यांचं ठरलं होतं. कुणी जांभळ्या केसांच्या आत्याचं चित्र काढलं, एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात भाजीची पिशवी. कुणी विचारलं, पाचव्या मजल्यावर मावशी भेटते का, आणि सगळ्यात वर बसलेला राक्षस म्हणजे आतोबा समजायचे का.

हे वाचताना भिंगरी हसून हसून लोटपोट झाली. पण तेवढ्यात भावजींनी पुढचा संदेश वाचला आणि तिचं हसू मावळलं. कुणीतरी लिहिलं होतं, ‘वहिनींनी हा गेम खेळलेलाच दिसत नाही. द्यायचं ठोकून.’

आता भिंगरीचा राग म्हणजे दूध उतू जावं तसा, बघता बघता वर. तिनं माइक जवळ ओढला.

“पुढच्या रविवारी तुमच्या सगळ्यांसमोर खेळते,” ती म्हणाली. “आत्या शिडी सोडून गेली नाही, तर मी या माइकपुढे पुन्हा बसणार नाही.”

भावजींनी थट्टेवारी न्यायचा प्रयत्न केला. रेकॉर्डिंग थांबल्यावर म्हणाले की वहिनी, एवढं वाक्य मी कापून टाकतो, कुणाला कळणारही नाही. तिनं कापू दिलं नाही. बोलले ते बोलले, म्हणाली. रात्री मात्र आपण काय बोलून बसलो ते तिला उमगलं. दिवसभर ती दुसऱ्यांना नीट दिसावं म्हणून काचा घासायची. दुकानात पुढच्या काउंटरवरच्या मुली गिऱ्हाइकांशी बोलत आणि तिच्या वाट्याला यायचा घासयंत्राचा आवाज. रविवारचा तो एक तास तेवढा तिचा होता. त्या तासात तिचं म्हणणं कुणीतरी ऐकायचं, त्यावर भांडायचं, हसायचं. तो तास तिला जिवापाड प्रिय होता आणि रागाच्या भरात तिनं तोच पणाला लावला होता.

मास्तरांचा मोठेपणा असा, की त्यांनी आपलं जुनं खेळयंत्र आणि गेमची कॅसेट लोकरी शालीत गुंडाळून पार्सलनं पाठवून दिली. सोबत चिठ्ठी होती की वाद तत्त्वाचा आहे, यंत्र नीट वापरावं. भिंगरीनं ते टीव्हीला जोडलं. पहिलीच धून वाजली आणि तिच्या अंगावर काटा आला, इतकी ती ओळखीची होती. तीन मजले तिच्या बोटांनीच चढले, डोक्याला काही विचारावं लागलं नाही. चौथ्या मजल्यावर जांभळ्या केसांची बाई वरून उतरली, भिंगरीनं शिपायाला खाली बसवलं, आणि बाईनं काठी फिरवून त्याचा भुगा केला.

पुन्हा बसवलं. पुन्हा भुगा. दुकानातून आल्यावर रोज हाच उद्योग सुरू झाला. नवरा जेवताना एकदा म्हणाला की त्या बाईला काहीतरी बोलायचं असेल, तू बसतेस कशाला. मग मास्तरांनी, त्यांना ती लिपी थोडीफार यायची म्हणून, चौथ्या मजल्यावरच्या वाक्याचा अर्थ कळवला. ‘किड्या, तुझी हाडं दळून खाईन.’ भिंगरी ते वाचून थक्क झाली. तिला आत्यानं वाचलेलं वाक्य लख्ख आठवत होतं. ‘हातपाय धुतलेस का? मग ये वर.’

ती तडक आत्याकडे गेली. आत्या दोन गल्ल्या सोडून, त्याच जुन्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरात राहत होती. आता निवृत्त, पण आवाज अजून पाळीवर. भिंगरी पोचली तेव्हा ती खिडकीच्या गजांना हिरवा रंग देत होती आणि निम्मा रंग तिच्या कोपरापर्यंत गेला होता.

“आत्या, तुला त्या गेमची भाषा येत होती?”

“छे. मला कुठून येणार?” आत्यानं ब्रश थांबवला नाही.

“मग तू वाचून दाखवायचीस ते?”

“तू विचारायचीस, मी सांगायचे. एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा. कुणी काही विचारलं आणि मी ‘माहीत नाही’ म्हटलं, असं झालंय का कधी?”

म्हणजे सगळी थापच. राजाच्या हरवलेल्या किल्ल्या, शिपायाची आजारी बहीण, तिसऱ्या मजल्यावरचा तो तक्रारखोर न्हावी, या सगळ्यांना तिनं इतकी वर्षं मनात जपलं होतं आणि त्यातलं काहीच गेममध्ये नव्हतं. तिनं विचारलं, बाकीचं एक वेळ ठीक आहे, पण त्या चेटकिणीला आत्या कशाला केलंस?

आता मात्र आत्यानं ब्रश डब्यावर आडवा ठेवला.

“ती बाई पहिल्यांदा आली तेव्हा तू अशी किंचाळलीस की खालच्या मजल्यावरचे धावत वर आले. नंतर जिन्यातनं एकटी उतरेनास. संडासला जाताना मला दाराशी उभं करायचीस. मग मी म्हटलं, अगं वेडे, ती मीच आहे, केस रंगवलेत फक्त. दुसऱ्या दिवशी ती आली, तर तू तिला हात केलास.”

भिंगरीला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळेही भरून आले. पोरीची भीती जावी म्हणून या बाईनं गेममधल्या सगळ्यात भयंकर बाईला स्वतःचं नाव देऊन टाकलं होतं, आणि आज इतक्या वर्षांनी तिला त्याचं काही विशेषही वाटत नव्हतं. पण डोळे पुसून झाल्यावर रविवार होताच समोर. तिनं विचारलं की मग शिडीचंही खोटंच का.

“ते खोटं कसं असेल? मी शेजारीच बसलेली असायचे. तू बसलीस की जायची ती.”

“आता जात नाही.”

“मग नीट बसत नसशील.”

बटण दाबलं की शिपाई बसतो, त्यात नीट आणि वाईट काय असतं, हे भिंगरीनं परोपरीनं समजावलं. आत्याला ते पटलं नाही. यंत्रातलं मला विचारू नको, म्हणाली, रविवारी मी येते आणि बघते.

रविवारी भावजींनी पडद्यावरचा खेळ सगळ्यांना दिसेल आणि खोलीतलं बोलणं ऐकू जाईल अशी सोय केली. एरवी टपाल मागाहून यायचं, आज ते पडद्याच्या कडेनं भराभर सरकत होतं. चेटकीणवाल्यांनी आधीच श्रद्धांजली वाहायला सुरुवात केली होती. बेकरीवालीनं लिहिलं, ‘वहिनी आज पाव लवला नही. फक्त तुमी.’ मास्तरांनी लिहिलं की निकाल काहीही लागो, वहिनींनी माइक सोडू नये, त्यांची ती अट मला मान्य नाही. ते भिंगरीनं दोनदा वाचलं. पण शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द मागे घेणाऱ्यातली ती नव्हती. आत्याला कोटांखाली एका उलट्या खोक्यावर बसवलं होतं आणि तोंडातून अवाक्षर काढायचं नाही असं तिच्याकडून कबूल करून घेतलं होतं. ती मांडीवर पर्स धरून, एखाद्या कार्यालयात नंबर यायची वाट बघावी तशी बसली होती.

शिपायाला तीन जीव. चौथ्या मजल्यावर पहिला जीव गेला. बाई उतरली, शिपाई बसला, काठी फिरली. दुसऱ्या खेपेला भिंगरीनं बटण अधिक घट्ट दाबून धरलं, जणू त्यानं शिपाई अधिक मनापासून बसेल. तोही गेला. भावजी आता लिफ्टमध्ये अडकलेल्यांना धीर देतात त्या आवाजात बोलू लागले होते, आणि तो आवाज ऐकला की माणसाचा उरलासुरला धीर सुटतो. कडेला सरकणारं टपाल एकदम थांबलं. शेवटचा जीव उरला होता. पॉडकास्टच्या नावावर इतके विनोद करून झाले होते, पण आज कुणी केला नाही.

शिपाई चौथ्या मजल्यावर चढला, वरून जांभळे केस दिसू लागले, भिंगरीनं बटणावर अंगठा ठेवला, आणि मागे खोकं करकरलं.

“अगं, अशी कुठे बसायचीस तू?”

भावजींनी ओठांवर बोट ठेवलं. आत्यानं त्यांना, तुम्ही जरा लाइनवर थांबा, असं ऐकवलं.

“आत्या, गप्प खाली बसायचं असंच होतं ना?” भिंगरी पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली. बाई निम्मी उतरली होती.

“गप्प? तू जन्मात कधी गप्प बसलीस? नाव काय उगाच पडलं का तुझं? तू रुसून बसायचीस. ती ओरडली की भिंतीकडे तोंड करून, गाल फुगवून. तू पण आणि तो शिपाई पण. फिरव त्याला.”

जुने गेम खेळलेल्या कुणालाही विचारा. समोर शत्रू असताना पाठ फिरवायची नाही, हे बोटांना शिकवावं लागत नाही. हजारो माणसांनी हा गेम खेळला, पण चेटकिणीकडे पाठ करून कोपऱ्यात बसायची अवदसा आजवर कुणाला आठवली नव्हती. भिंगरीचाही अंगठा क्षणभर अडला. मग तिनं शिपायाला वळवलं, भिंतीला नाक लागेल इतका पुढे नेला आणि खाली बसवला. आणि तिला आठवलं. भिंतीचा तो करडा रंग, फुगवलेल्या गालांतली हवा, आणि मागून येणारा आत्याचा हसू दाबलेला आवाज. ती शिस्तीत बसलेली नव्हतीच कधी. ती फुरंगटून बसलेली होती.

बाई खाली उतरली. तिनं काठी उगारली आणि उगारलेली काठी तशीच राहिली. ती शिपायाच्या मागे आली, जरा डावीकडे सरकली, जरा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. बघणाऱ्याला शपथेवर वाटावं की ती त्याची समजूत काढते आहे. मग वरून एक शिडी खाली आली आणि बाई धुक्यात निघून गेली.

त्यानंतर त्या खोलीत काय झालं ते नीट कुणालाच सांगता येत नाही, कारण भावजींनी उडी मारली तेव्हा कोटांचा दांडा निसटला आणि सगळे कोट तिघांच्या अंगावर आले. नवरा उशीसकट दारात आला. कोटांच्या ढिगातून त्याला बायकोच्या हसण्याचा आवाज आला, त्याच्या खालून भावाचा आणि सगळ्यात खालून, माझी पर्स कुठाय, असं विचारणारा आत्याचा. मग तोही हसत सुटला. पडद्यावर टपाल इतक्या वेगानं सरकत होतं की एकही ओळ वाचता येत नव्हती.

मास्तरांचा संदेश संध्याकाळी आला. ‘ठळक दुरुस्ती. चौथ्या मजल्यावर आत्या आहे.’ त्याखाली एक ओळ जास्तीची होती, की यंत्र परत पाठवायची घाई नाही. ‘द्यायचं ठोकून’ लिहिणाऱ्यानं स्वतःहून माफी मागितली आणि आपण आता आत्यावाले झालो आहोत असं जाहीर केलं. जगभरचे त्या गेमचे चाहते चौथ्या मजल्याला आत्याचा मजला म्हणू लागले. त्यांतल्या कितीजणांना त्या शब्दाचा अर्थ माहीत होता, देव जाणे.

आत्या आता दर रविवारी येते. खोक्याच्या जागी तिच्यासाठी स्टूल आलंय आणि तिचा स्वतःचा माइक. गेममधली परदेशी अक्षरं ती अजूनही वाचून दाखवते आणि मास्तर ते मुकाट्यानं ऐकून घेतात. तर त्या खेळानंतरच्या पहिल्याच रविवारी टपालात एका श्रोत्याचा संदेश होता. त्यानं गेमचा सगळा प्रोग्रॅम उसवून बघितला होता. त्याचं म्हणणं, यात जादू काही नाही. भिंतीला चिकटून पाठमोरा बसलेला शिपाई गेमला माणूस म्हणून ओळखूच येत नाही. गेमच्या लेखी ते एक पोतं असतं, आणि पोत्यावर हल्ला करायला चेटकिणीला शिकवलेलं नाही. मारायला कुणी उरलं नाही की मजला संपला असं धरून गेम शिडी सोडतो. भावजींनी हे सगळं वाचून दाखवलं आणि मान डोलावून म्हणाले की बघा, अखेर कारण सापडलं.

आत्यानं माइक पुढे ओढला.

“पोतं कसलं?” ती म्हणाली. “रुसलेल्या पोरीला कुठली आत्या मारेल?”